हाफ-लाइफची माझी क्रमवारी (आणि एका डब्याची गोष्ट)

आधीच सांगून टाकतो, हाफ-लाइफ या गेम-मालिकेच्या माझ्या यादीत हाफ-लाइफ २ चौथा आहे. हो, चौथा. शिव्या घालायच्या तर खुशाल घाला, पण पूर्ण वाचून घाला. आणि स्पॉयलर भरपूर आहेत, नंतर बोंब नको.

आमच्या वयाच्या बऱ्याच पोरांसारखा मीही हाफ-लाइफकडे मागच्या दाराने आलो. सांगलीत शाळेजवळच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून आम्ही काउंटर-स्ट्राइक खेळायचो. तो मुळात हाफ-लाइफवर हौसेने बनवलेला मॉड, म्हणजे बदललेली आवृत्ती आहे, हे कुणाच्या गावी नव्हतं. एका शनिवारी कॅफेतलं लॅन बसलं. पैसे तर आधीच दिलेले. मग त्याच फोल्डरमधला तो नारिंगी लॅम्डाचा आयकॉन दाबून बघितला. ट्राम सुरू झाली. भिंतीमागून भिंत, यंत्रामागून यंत्र, आणि आपण नुसते खिडकीतून बघतोय. मागे उभा असलेला मित्र वैतागला, "अरे, बंदूक कधी मिळते यात?" तो पाच मिनिटांत निघून गेला. मी तासभर पैसे वाढवून बसलो.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय: ही मालिका तेव्हाच भारी असते, जेव्हा आपण तिच्यात कुणीच नसतो. क्रमवारी त्याच हिशोबाने लावलीय, खालून वर.

लॉस्ट कोस्ट मोजत नाही. तो २००५ मधला प्रकाशाचं तंत्र दाखवायला काढलेला तुकडा आहे, गेम नव्हे. डिकेसुद्धा यादीबाहेर. तो २००१ मध्ये फक्त पीएस टूवर (प्लेस्टेशन २) आला, दोघांनी मिळून खेळायचा. आमच्याकडे कुठला पीएस टू! चाहत्यांनी पुढे तो पीसीवर आणला, तोपर्यंत शेजारी बसून खेळणारी मंडळी पुण्याला नोकरीला लागली होती.

सातवा ब्लू शिफ्ट, २००१. माझ्याच निकषाने हा वर यायला हवा होता, कारण यात आपण बार्नी, साधा सिक्युरिटी गार्ड. पहिल्या गेममध्ये ट्राममधून जाताना एक गार्ड बंद दार ठोठावत असतो, आठवतोय? तोच हा. इथे आपण त्या दारापाशी उभे, आणि पहिल्या गेमचा नायक गॉर्डन याची ट्राम समोरून निघून जाते. काय सुंदर कल्पना! पण पुढे? नवी बंदूक नाही, नवा शत्रू नाही, दोन-तीन तासांत खेळ खल्लास. मुळात ड्रीमकास्ट या कन्सोलसाठी बनत होता, पीसीवर वेगळा आणला, आणि तिकडे तर रद्दच झाला. शिळ्या भाताला फोडणी दिलीय, फोडणी चांगली आहे, पण भात शिळाच.

सहावा एपिसोड वन, २००६, हाफ-लाइफ २ च्या पुढची गोष्ट. अंधाऱ्या पार्किंगमध्ये आपण टॉर्च धरायचा आणि सोबतीण अ‍ॅलिक्सने त्या उजेडात नेम धरायचा, एवढा भाग सोन्यासारखा. बाकी हाफ-लाइफ २ मधल्याच शहरातून बाहेर पडायची धडपड.

पाचवा हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स, २०२०. व्हीआर हेडसेट घेण्याची माझी ऐपत नाही, मित्राच्या हॉलमध्ये टीपॉय सरकवून दोन वीकेंडला संपवला. जेफ नावाचा एक आंधळा राक्षस आहे, तो फक्त आवाजावर येतो. हवेत असं काहीतरी असतं की आपल्याला खोकला येतो, म्हणून खरोखरचा हात उचलून तोंडावर धरायचा आणि दुसऱ्या हाताने कपाट उघडायचं. उघडलं की आतून बाटली घरंगळणार. ती हवेत झेलायची. मी झेलली आणि गुडघा टीपॉयवर आपटला. खेळात नव्हे, खरा. "आई गं" एवढंच तोंडातून निघालं. इतकं भारी असूनही पाचवा का? शेवटामुळे. एपिसोड टूच्या शेवटच्या ज्या धक्क्यावर (अ‍ॅलिक्सच्या वडिलांचा मृत्यू) आम्ही तेरा वर्षं काढली, तो यांनी पाटीवरचं पुसावं तसा पुसला.

आता चौथा. हाफ-लाइफ २, नोव्हेंबर २००४. वस्तू उचलून फेकणारी ग्रॅव्हिटी गन, रेव्हनहोम गावात करवतीची पाती उचलून झोंबी कापणं, सिटी १७ या शहराचं ते उदास पूर्व युरोपी रूप, यातलं मला काहीही नाकारायचं नाही. स्टेशनवर एक शिपाई डबडं खाली पाडतो आणि आपल्याला म्हणतो, उचल आणि कचऱ्यात टाक. आपण मुकाट उचलतो. किंवा त्याच्याच तोंडावर फेकतो आणि दांडका खातो. त्या दहा सेकंदांत तुम्हाला कळतं की या शहरात माणसाची किंमत काय आहे. पण थोडं पुढे गेलात की संपलंच. जो भेटतो तो "तुम्हीच का ते गॉर्डन फ्रीमन!" म्हणून गहिवरतो. व्हॉर्टिगॉन्ट नावाचे परग्रहवासी तर त्याच्या आडनावाचाच मंत्र करून जपतात. सत्कारच सत्कार, नुसती शाल आणि नारळ द्यायचं बाकी आहे. त्यात ती बोट आणि ती बग्गी, दोन्ही लांबतात, लांबतात, लांबतात.

तिसरा एपिसोड टू, २००७. सिटी १७ मागे पडून डोंगर-जंगल लागतं आणि श्वास मोकळा होतो. शेवटच्या लढाईत स्ट्रायडर या उंच, लांब पायांच्या शत्रूच्या अंगावर स्फोटक गोळा चिकटवायचा आणि लगेच गोळी मारून फोडायचा, पण हंटर हे त्याचे साथीदार आधी तो गोळाच उडवतात. मी चार रात्री हरलो. बागेत ठेवायचा तो बुटका पुतळा शेवटच्या रॉकेटपर्यंत नेण्याचं अचिव्हमेंटही केलंय. गाडीच्या प्रत्येक वळणावर तो खाली पडतो आणि आपण परत उतरतो. पण मला हा भाग आवडतो तो डॉ. मॅग्नसनमुळे. सगळं जग गॉर्डनला तारणहार म्हणत असताना हा म्हातारा म्हणतो, माझं रॉकेट वाचव, मग मायक्रोवेव्हमधल्या माझ्या जेवणाचं तू जे केलंस ते मी माफ करीन. त्या जेवणाबद्दल खाली सांगतो. एपिसोड थ्री आलाच नाही. मार्क लेडलॉ या लेखकाने व्हॉल्व्ह ही मालिका बनवणारी कंपनी सोडल्यावर २०१७ मध्ये नावं बदलून त्याच्या कथेचा सारांश नेटवर टाकला. तो वाचून जास्तच वाईट वाटलं.

दुसरा, आणि इथे वाद घालायला मी तयार आहे, ऑपोझिंग फोर्स. १९९९, गिअरबॉक्स या कंपनीचा पहिलाच गेम. हाफ-लाइफमध्ये सैनिक येतात तेव्हा एक शास्त्रज्ञ "आले वाचवायला!" म्हणून धावत जातो आणि ते त्याला तिथेच गोळ्या घालतात. इथे आपण त्यांच्यातलेच एक, कॉर्पोरल एड्रियन शेफर्ड. फक्त हुकूम मिळायच्या आधीच आपलं विमान पडलेलं असतं, त्यामुळे कुणाला मारायला आलो होतो हेच माहीत नाही. छताला लटकून जीभ सोडणारा बार्नॅकल, ज्याने पहिल्या गेममध्ये मला शंभरदा वर ओढलं, तो इथे हातात घेऊन झोके घ्यायचे! सुरुवातीच्या ट्रेनिंगमधला तो सार्जंट ओरडायला लागला की मला एनसीसीचे उस्ताद आठवायचे. एका ठिकाणी दुरून गॉर्डन पोर्टलमध्ये उडी मारताना दिसतो. मागोमाग उडी मारलीत तर मेलात, कारण ती गोष्ट तुमची नाही. शेवटी जी-मॅन हा सुटातला गूढ माणूस शेफर्डला कोंडून ठेवतो, आणि व्हॉल्व्हने त्याला पुन्हा कधी बाहेर काढलं नाही.

पहिला अर्थातच हाफ-लाइफ, १९९८. झेन या शेवटच्या परक्या दुनियेतल्या उड्या रटाळ आहेत, मान्य. ब्लॅक मेसा नावाने हा गेम नव्याने बनवणाऱ्या चाहत्यांनी तो भाग नव्याने बांधला, तो पाहून मूळ झेन आणखीच ओकंबोकं वाटतं. पण ब्लास्ट पिट हा भाग! खड्ड्यातून वर आलेले ते तीन लांब सोंडेसारखे प्राणी, डोळे नाहीत, फक्त कान. पाऊल वाजलं की चोच आपटते. लांब ग्रेनेड फेकायचा, तो तिकडे ठोकत बसला की हळूच सरकायचं. इंधन सुरू, ऑक्सिजन सुरू, वीज सुरू, आणि मग रॉकेटचं इंजिन पेटवून तिन्ही भाजून काढायचे. कॅफेत मी हेडफोन काढून बसलो होतो, इतकी फाटली होती.

परवा रात्री पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. ट्राम पोचली, दार उघडायला आलेला गार्ड म्हणाला की आज उशीर झाला वाटतं. आत ब्रेक रूम, मायक्रोवेव्हमध्ये कुणाचा तरी डबा गरम होतोय. बटण दाबत राहिलं की तो फुटतो. बायको शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "नको ना, कुणाचं तरी जेवण असेल ते."

दाबलंच.