परिवर्तनीय रोखे कंपनीला स्वस्त पडतात, हे खरे नाही

परिवर्तनीय रोख्यांविषयी एक मांडणी गुंतवणूकदारांमध्ये वारंवार फिरत असते. तिचा सारांश असा : रोखा शेअरमध्ये बदलून घेण्याची सोय दिली की कंपनीला नेहमीच्या कर्जापेक्षा पुष्कळ कमी, प्रसंगी शून्य व्याजात पैसा मिळतो, पुढे शेअर वाढला तर कंपनीने आपले शेअर आजच्या भावापेक्षा चढ्या दराने विकल्यासारखे होते, गुंतवणूकदाराला शेअर वाढल्यास नफा आणि पडल्यास रोख्याचे संरक्षण मिळते, आणि या साऱ्याची किंमत काढायची तर साध्या रोख्याच्या किमतीत एका कॉल ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याच्या हक्काची, किंमत मिळवली की झाले. दोन्ही पक्षांचा फायदाच फायदा सांगणाऱ्या या मांडणीत खर्च कोणाच्या वाट्याला जातो, याचा उल्लेख कुठेच येत नाही.

पहिला दावा कमी व्याजाचा. समजा, एखाद्या कंपनीला पाच वर्षांच्या साध्या कर्जावर ८ टक्के व्याज द्यावे लागते आणि तिने १,००० दर्शनी मूल्याचा, २ टक्के व्याजाचा परिवर्तनीय रोखा दर्शनी मूल्यालाच विकला. रूपांतराचा हक्क बाजूला ठेवून या रोख्याचे व्याज आणि मुद्दल ८ टक्के दराने आजच्या मूल्यात आणले, तर सुमारे ७६० भरतात. उरलेले २४० गुंतवणूकदाराने रूपांतराच्या हक्कासाठी मोजलेले असतात. दरवर्षी ६० याप्रमाणे पाच वर्षे वाचणाऱ्या व्याजाचे वर्तमान मूल्य काढून पाहा. तेही सुमारे २४०च येते. म्हणजे व्याज वाचलेले नाही. विद्यमान भागधारकांनी आपल्या भावी नफ्यातला वाटा विकला आणि त्याच्या पैशातून व्याजाची तूट भरून काढली. तो हक्क २४० पेक्षा अधिक मोलाचा असेल, तर हा पैसा ८ टक्क्यांच्या कर्जापेक्षाही महाग पडला.

शून्य टक्क्याच्या रोख्यांचेही तसेच आहे. मायक्रोस्ट्रॅटेजी या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ३ अब्ज डॉलरचे, २०२९ मध्ये मुदत संपणारे शून्य टक्के व्याजाचे परिवर्तनीय रोखे विकले आणि रूपांतर किंमत, म्हणजे रोखा ज्या भावाने शेअरमध्ये बदलता येतो तो भाव, तेव्हाच्या शेअरभावापेक्षा ५५ टक्के वर ठेवली. घेणाऱ्यांनी पैसा फुकट वापरायला दिला, असा याचा अर्थ नव्हे. त्या शेअरचे चढउतार इतके तीव्र होते की एवढ्या वरच्या किमतीचा कॉल ऑप्शनही फार मौल्यवान ठरत होता. ‘स्वस्त’ असल्याचा भास काही अंशी हिशेबाच्या पद्धतीतूनही येतो. रोखीने फेडता येणाऱ्या अशा रोख्यांचा कर्जभाग आणि हक्कभाग वेगळा दाखवण्याची सक्ती अमेरिकी लेखा नियमांनी २००८ मध्ये केली आणि २०२० मध्ये ती काढून टाकली. त्यामुळे आता तिथल्या नफातोटा पत्रकात प्रामुख्याने छापील व्याजच दिसते. आंतरराष्ट्रीय लेखा मानके मात्र कर्ज आणि भांडवल असे दोन भाग आजही वेगळे करायला लावतात. दोन पद्धतींत एकाच रोख्याचा व्याजखर्च वेगवेगळा दिसतो, पण भागधारकांनी दिलेला हक्क तोच असतो.

चढ्या भावाने शेअर विकल्याचा दुसरा दावा तुलनेतली लबाडी आहे, आणि ती बहुधा अजाणतेपणी केली जाते. शेअर ४० ला आणि रूपांतर किंमत ५० असताना रोखे विकले आणि शेअर ९० वर गेला, तर ९० चा माल ५० ला द्यावा लागतो. त्यापेक्षा साधे कर्ज बरे होते. शेअर ३० वर आला, तर रूपांतर कोणी करत नाही आणि कंपनी अडचणीत असतानाच मुद्दल रोखीने फेडावे लागते. त्यापेक्षा ४० ला शेअर विकून टाकणे बरे होते. दावा करणारे शेअर वाढल्यावर परिवर्तनीय रोख्याची तुलना शेअरविक्रीशी करतात आणि पडल्यावर साध्या कर्जाशी. दोन्ही वेळा तो जिंकतो, कारण हरवणारा पर्याय त्या त्या वेळी समोर आणलेलाच नसतो. टेस्लाने २०१४ मध्ये ०.२५ टक्के व्याजाने विकलेल्या रोख्यांची रूपांतर किंमत ३५९.८७ डॉलर होती. मार्च २०१९ मध्ये मुदत संपली तेव्हा शेअर त्याखाली होता आणि कंपनीला ९२ कोटी डॉलर रोख मोजावे लागले. हे रोखे विकतानाच टेस्लाने, इतर अनेक कंपन्यांप्रमाणे, आपल्याच शेअरवरचे कॉल ऑप्शन बँकांकडून विकत घेऊन वरच्या किमतीचे वॉरंट, म्हणजे कंपनीकडूनच शेअर घेण्याचे हक्क, त्यांना विकले होते. अशा व्यवहाराने रूपांतर किंमत परिणामतः वर सरकते. त्यासाठी निव्वळ रक्कम पदरची मोजावी लागते, आणि दिलेला हक्क फुकटचा नव्हता याचा याहून स्पष्ट पुरावा कंपनी स्वतः देऊ शकत नाही.

आता किमतीच्या सूत्राकडे वळू. ‘रोखा अधिक ऑप्शन’ ही बेरीज मी वर वापरली ती ढोबळ हिशेबासाठी, आणि तेवढ्यापुरती ती चालते. प्रत्यक्ष किंमत ठरवताना ती अनेक ठिकाणी मोडते. साध्या कॉल ऑप्शनमध्ये शेअर घेण्यासाठी ठरलेली रोख रक्कम द्यावी लागते. इथे शेअरच्या बदल्यात रोखा परत द्यावा लागतो, आणि त्या रोख्याचे मोल व्याजदर व कंपनीची पत यांच्याबरोबर सतत बदलते. शिवाय बहुतेक करारांत कंपनीलाही मुदतीपूर्वी रोखा परत बोलावण्याचा हक्क असतो : सामान्यतः पहिली काही वर्षे उलटल्यावर, लागोपाठच्या ३० व्यवहारदिवसांपैकी २० दिवस शेअर रूपांतर किमतीच्या १३० टक्क्यांवर राहिला तर. तसे झाले की धारकाला रूपांतर करण्यावाचून गत्यंतर उरत नाही आणि ऑप्शनचे उरलेले कालमूल्य, म्हणजे मुदत शिल्लक असल्यामुळे असलेले मोल, तो गमावतो. काही करारांत धारकालाही ठरावीक तारखेला पैसे परत मागता येतात. एका पक्षाने कधी काय करावे हे दुसरा काय करील यावर अवलंबून असल्यामुळे अंतिम तारखेपासून मागे येत, प्रत्येक टप्प्यावर दोघांचे हिताचे निर्णय तपासत किंमत काढावी लागते. जोनाथन इंगरसोल यांनी आणि मायकेल ब्रेनन व एदुआर्दो श्वार्ट्झ या वित्तशास्त्राच्या अभ्यासकांनी १९७७ मध्ये हीच चौकट मांडली.

त्यातला सर्वांत अवघड प्रश्न सवलतीच्या दराचा, म्हणजे पुढे मिळणारी रक्कम आजच्या मूल्यात आणण्याच्या दराचा आहे. कंपनी रोख मुद्दल बुडवू शकते, पण स्वतःचे शेअर देणे तिला नेहमीच शक्य असते; मग एकाच रोख्याला कोणता दर लावायचा? १९९८ मध्ये त्सिव्हेरिओटिस आणि फर्नांडिस यांनी रोख स्वरूपात मिळणाऱ्या भागाला पतजोखमीसह आणि शेअरच्या भागाला जोखीमरहित दर लावण्याची रीत सुचवली. ती लोकप्रिय झाली, तरी कंपनी बुडते तेव्हा शेअरचे काय होते याचे उत्तर तिच्यात नाही, म्हणून पुढच्या प्रारूपांनी दिवाळखोरीच्या क्षणी शेअरभाव कोसळतो हे थेट गृहीत धरले.

रोख्याच्या संरक्षणाचा दावा इथेच ढासळतो. शेअर पडला तरी रोख्याचे मूल्य खाली आधार देते, हे एकूण बाजाराच्या लहरीमुळे शेअर पडला तर बऱ्याच अंशी खरे आहे. कंपनीची पतच ढासळत असेल, तर मात्र शेअरबरोबर तो आधारही खाली जातो. २००८ च्या सप्टेंबरमध्ये त्यात आणखी भर पडली : अमेरिकेने वित्तीय कंपन्यांच्या शेअरची शॉर्ट विक्री (उसने घेऊन विकणे) काही काळ थांबवली, या रोख्यांचे मोठे खरेदीदार असलेल्या, कर्जावर चालणाऱ्या हेज फंडांना (बड्या गुंतवणूकदारांच्या खासगी निधींना) पैसे परत करावे लागले, आणि परिवर्तनीय रोखे सैद्धांतिक मूल्याच्याही खाली विकले गेले.

मग कंपन्या हे रोखे काढतात तरी का? सर्वांत पटणारे उत्तर मला ब्रेनन आणि श्वार्ट्झ यांनी दिलेले वाटते. वरच्याच उदाहरणात धनकोने कंपनी अधिक जोखमीची मानून ८ ऐवजी १० टक्के दर धरला, तर रोखेभाग ७६० वरून सुमारे ६९७ वर येतो. साध्या कर्जात हा फरक कंपनीला चढ्या व्याजाच्या रूपाने सोसावा लागला असता. पण अधिक जोखीम म्हणजे शेअरचे अधिक चढउतार, आणि त्यांमुळे ऑप्शनचा भाग महागतो. एक भाग उतरतो, दुसरा चढतो आणि बेरीज फारशी हलत नाही. जिच्या जोखमीचा अंदाज बाहेरच्यांना नीट लागत नाही, अशा वेगाने वाढणाऱ्या कंपनीला त्यामुळे धनकोशी जोखमीवरून वाद न घालता व्यवहार करता येतो. व्यवस्थापनाने पैसा हाती आल्यावर बेफाम जोखीम घेतली, तर तिच्या लाभात धारकालाही वाटा असल्याने तशी जोखीम घेण्याचा मोह कमी होतो, हे रिचर्ड ग्रीन यांनी १९८४ मध्ये दाखवले. जेरेमी स्टाइन यांचे १९९२ चे विवेचन वेगळे आहे : थेट शेअर विकले तर बाजार ते महाग असल्याची खूण मानतो, म्हणून मध्यम स्थितीतली कंपनी रूपांतरातून, मागच्या दाराने भागभांडवल उभे करते.

या यादीत खरेदीदारांची गरजही धरायला हवी. या रोख्यांचा मोठा हिस्सा हेज फंड घेतात, त्याच कंपनीचे शेअर उसने घेऊन विकतात आणि शेअरच्या चढउतारांतून कमावतात. विक्री जाहीर होताच शेअर उतरतो त्यामागे ही विक्रीही असते, त्यामुळे त्या दिवसाच्या घसरणीला केवळ कंपनीविषयीचा प्रतिकूल कौल समजू नये. अशा खरेदीदारांना कंपनीच्या भवितव्याविषयी ठाम मत असण्याची गरज नसते. शेअर उसना मिळावा आणि तो हलता राहावा, एवढे त्यांना पुरते. त्यामुळे पतमापन नसलेल्या कंपनीलाही एखाद्या रात्रीत कोट्यवधींचा पैसा उभा करता येतो, आणि त्या वेगाची किंमत ती बाजारमोलापेक्षा थोड्या स्वस्तात विकलेल्या ऑप्शनच्या रूपाने मोजते.