रामबागेतल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

इंदूरमधल्या आमच्या इमारतीच्या कारभारावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच झाडलंत. 'रामबागेतल्या आमच्या वाड्यात बारा बिऱ्हाडं एका नळावर नांदली, कोणी रडलं नाही. तुम्ही फ्लॅटवाले नुसते कुरकुरता, स्वतः काय केलंत? एवढाच त्रास आहे तर रेरात जा.' उत्तराला आठवडा लागला, त्याला कारण पाण्याची टाकी. सांगते.

आधी कबुली. 'सगळेच शेजारी बेजबाबदार' हे रागाच्या भरात लिहिलं, ते मागे घेते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी चार वर्षं जिन्यातले दिवे पदरच्या पैशाने बदलताहेत.

आता मी काय केलं. वर्षभर हिशेब सांभाळला. ३२ फ्लॅट, देखभालीचे महिना ८०० रुपये, म्हणजे २५,६०० यायला हवेत. यायचे १६-१७ हजार. भाडेकरू म्हणतो मालक देईल, पुण्यातला मालक म्हणतो भाडेकरू देईल. खालचे दुकानदार म्हणतात, आम्हाला लिफ्ट कशाला? मलाही ते पटलं असतं, पण गटार तुंबलं की पहिला फोन त्यांचाच.

रेराचं म्हणाल, तर बिल्डरांना चाप लावणारा तो कायदा २०१६चा. आमच्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला २००९ सालीच मिळालेला, त्यामुळे ते दार आमच्यासाठी बंद. आम्हाला लागू पडतो तो मध्य प्रदेशाचा प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, २०००, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा कायदा. त्यात जिना, गच्ची, लिफ्ट यांत प्रत्येक फ्लॅटवाल्याचा अविभक्त हिस्सा आहे. हिस्सा आहे, पण रहिवाशांची नोंदलेली संस्थाच नाही. लिफ्टचं मीटर अजून बिल्डरच्या नावावर, तो फोन उचलत नाही. बिल थकलं, वीज कापली. संस्थेसाठी कागद फिरवला, त्यावर आजवर १४ सह्या. आई गुडघ्यांमुळे १९ दिवस खाली उतरलेली नाही.

तुमच्या वाड्याला मालक होता हो. पन्हळ गळली की कोणाच्या दारात जायचं ते ठाऊक होतं. नळ अंगणात, कोण जास्त बादल्या भरतंय ते बाराही बिऱ्हाडांना दिसत होतं. आमचं पाणी दिसतच नाही. नर्मदा येते एक दिवसाआड. सत्तरेक किलोमीटरवरून, नर्मदाकाठच्या जलूदहून घाट चढवून आणलेलं ते पाणी जमिनीखालच्या हौदात पडतं, तिथून मोटरने गच्चीवर जातं. चौकीदार मोटर लावून चहाला गेला की टाकी वाहते, पाटासारखी. मी गच्चीवर जाऊन पाहिलं. झाकणाच्या जागी विटेने दाबलेला फ्लेक्सचा तुकडा, आत कबुतराची पिसं, तळाला बोटभर गाळ. याच पाण्याचा चहा मी पाहुण्यांना देत होते! सफाईचे ३,२०० रुपये, घरटी १००. त्या शंभरावरून ग्रुपवर तीन दिवस रणकंदन. शेवटी मी आणि आजींच्या मुलाने पैसे भरले आणि उभं राहून टाकी धुऊन घेतली.

इंदूर २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं, याचा मलाही अभिमान आहे. निगमची कचरागाडी रोज फाटकाशी येते. जिन्यातल्या पिचकाऱ्या पुसायला मात्र ती वर येणार नाही, आणि तिने यावंही का?

तरी काका, गाळ उपसता येतो. मला जड गेलं ते वेगळंच. हिशेब हातात असताना मी थकबाकीदारांची यादी लिफ्टमध्ये लावली. तेव्हापासून समोरच्या वहिनींनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. त्यांचे राहिले होते २,४००. जिन्यात भेटल्या की मला आधी तो आकडा आठवतो, मग त्यांचं नाव. वाड्यात भांडणं झाली असतील, पण एकमेकांची वसुली करायची वेळ तुमच्यावर आली नव्हती. ते काम मालकाचं होतं.

यादी अजून तिथेच आहे. लिफ्ट बंद, त्यामुळे सध्या कोणी वाचत नाही.