"जोर संपला, तात्या" असं मीच सांगितलं होतं

समुद्रात काही गरगरायला लागलं की आम्हा हवामानवेड्यांच्या रात्री जागून जातात. इन्सॅट उपग्रहाची चित्रं बघायची, ढगांच्या आकारावरून टी-नंबर, म्हणजे वादळाच्या ताकदीचा आकडा, लावायचा, आणि मग वाद. एक म्हणतो तीव्र झालं, दुसरा म्हणतो ढिलं पडलं. निम्मा वाद तर मोजपट्टीचाच असतो. आपलं हवामान खातं वाऱ्याची 3 मिनिटांची सरासरी धरतं, अमेरिकी लष्कराचं केंद्र 1 मिनिटाची. त्यांचा आकडा मोठाच दिसणार.

26 सप्टेंबर 2021 ला 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. दुसऱ्या दिवशी ते उतरून डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाहून खालच्या श्रेणीचं, झालं आणि आमच्यातला वाद मिटला. तेवढ्यात मराठवाड्यातल्या आमच्या मांजरा नदीकाठच्या गावातून चुलत्यांचा फोन. "गेलं का रं वादळ?"

"गेलं, तात्या. जोर संपला."

जोर वाऱ्याचा संपला होता. वादळाची श्रेणी फक्त वाऱ्यावरून ठरते, पावसाचा त्यात हिशेबच नाही. जमिनीवर आलं की गरम समुद्राची रसद तुटते, वारा पडतो. पण पोटातलं बाष्प कुठं जातं? ते तेलंगणावरून सरकत आमच्यावर आलं आणि रात्रभर कोसळलं. मांजरा धरणाचे 18 च्या 18 दरवाजे उघडावे लागले. तात्यांनी माझ्या शब्दावर बनीम, म्हणजे काढलेल्या सोयाबीनचा ढीग, अर्धीच झाकली होती. सोयाबीन पाण्यात बसलं, शेंगांना कोंब फुटले. तात्या मला एका शब्दानं बोलले नाहीत. ते अजून सलतं.

आणि आम्ही 'विरलं' म्हणून सोडून दिलेलं तेच उरलंसुरलं गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं, पुन्हा उठलं, 'शाहीन' झालं आणि 3 ऑक्टोबरला ओमानवर जाऊन आदळलं.

माझं स्पष्ट मत आहे, मराठवाड्यासाठी लिहिताना 'कमजोर झालं' हा शब्द एकटा सोडू नये. चक्रीवादळाचा खरा वारा समुद्रापासून इतक्या लांब आपल्यापर्यंत बहुतेक पोचतच नाही. आपल्या वाट्याला येतं ते हे कमजोर झालेलंच, आणि तेही नेमकं सोयाबीन काढणीच्या तोंडावर. टी-नंबरवर खुशाल भांडा, मीही भांडतो. पण कुठल्या खोऱ्यात किती पाऊस पडेल ते आधी लिहा.

आता तात्यांचा फोन आला की मी वाऱ्याचा आकडा काढतच नाही. आधी विचारतो, किती रान काढलंय, बनीम उंचावर लावलीय ना, ताडपत्री पुरंल का.