दहात एकाला कोलायटिस? खान्देशाचा हिशोब तरी करा!

"खान्देशात दर दहा माणसांमागे एकाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा जुनाट रोग). कारण शेवभाजी आणि ठेचा. इंग्रजी गोळ्या बंद करा, रोज रात्री एरंडेल घ्या. कोलोनोस्कोपी (नळीने कॅमेरा घालून मोठं आतडं आतून बघणं) म्हणजे नुसती लूट." हे फॉरवर्ड फिरत फिरत अमळनेरच्या मावशीकडे पोचलं आणि तिने मावसभावाला फर्मान सोडलं, "आते गोया बंद करी दे!" तो प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड गोळीवर आहे. डोकं फिरणार नाही तर काय होणार?

आधी आकडा. 2011 च्या जनगणनेत जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून 79 लाख लोक. दहात एक म्हणजे आठ लाख रुग्ण. क्रोन्स हा याच जातीचा आतड्याचा दुसरा रोग धरूनसुद्धा अख्ख्या भारतात 2019 साली दोन्हींचे मिळून अंदाजे 2 लाख 70 हजार रुग्ण होते. म्हणजे देशात नाहीत तेवढे एकट्या तापीकाठी! लुधियानात घरोघर जाऊन सुमारे 52 हजार लोकांची पाहणी झाली, त्यात कोलायटिसचे 23 रुग्ण निघाले. लाखामागे 44. हे 2003 मध्ये 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. तो दर इथे लावला तर साडेतीन हजार होतात. मोजणी जुनी, पंजाबची. हवं तर तिप्पट धरा. तरी आठ लाख कुठून आणणार?

आता गोळ्या. बरेच दिवस स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल हे गरजेचं हार्मोन बनवणं जवळपास थांबवतं. अशात गोळी एकदम तोडली की उलट्या, चक्कर, बीपी खाली, जीवावरही बेततं. म्हणून डॉक्टर डोस आठवड्या-आठवड्याने उतरवतात. आणि वर एरंडेल? आतड्याला जखमा, दिवसाला आठ वेळा रक्ताचे जुलाब, त्यात जुलाबाचंच औषध! लिहिणाऱ्याने स्वतः घेऊन बघावं.

शेवभाजीचं म्हणाल तर, रोग बळावलेला असताना तिखट-तेलकट अनेकांना सोसत नाही, हे खरं. देशात रुग्ण वाढतायत, हेही खरं. पण ठेच्याने हा रोग होतो, याला पुरावा नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते, तिथे मिरची काय करणार?

राहिली कोलोनोस्कोपी. ती टाळून रक्त पडणाऱ्याला वर्षानुवर्षं मूळव्याधीचे मलम लावत बसतात. क्रोन्स तर आतड्याच्या टीबीसारखाच दिसतो. आत बघून तुकडा तपासला तरी कधी कधी डॉक्टरांनाही लगेच उलगडत नाही. फॉरवर्डवाल्याला मात्र न बघताच कळलं.