४० अक्षरांचा निरोप

परवा एका मित्राने विचारलं, "हे सिग्नल ॲप कशाला घेतलंस? त्यात आहे तरी काय?" म्हटलं, फार काही नाही, म्हणूनच घेतलं.

गेल्या वैशाखातली गोष्ट. जळगावच्या यावल तालुक्यात आमची केळी आहे, मृगबाग, म्हणजे मृगाच्या पावसात लावलेली, घड कटिंगला आलेले. व्यापाऱ्याने नानांना संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला, "उद्या पहाटे गाडी येईल. आज पाणी सोडू नका." बस, एवढंच. पण त्याच संध्याकाळी आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर एका पुतणीचा साखरपुडा चालू होता. फोटो, व्हिडिओ, फुलांचे गुच्छ, हात जोडलेले. दुसऱ्या ग्रुपवर कुणीतरी भिजवलेल्या मेथीचे फायदे पाठवत होतं. नानांच्या फोनची मेमरी फुल, स्क्रीन अडकलेली. व्यापाऱ्याचा मेसेज खाली, खाली, दिसेनासा झाला.

लाइट रात्रीची होती. नानांनी अकराला मोटार चालू केली. ठिबक आहे, पण बांधाजवळचा एक व्हॉल्व्ह गळतो (तो दोन महिने बदलायचा राहिला, ती चूक माझी). काळी जमीन. पहाटे गाडी आणि कटिंगची टोळी आली तेव्हा ट्रॅक्टर वाटेतच रुतला. गाडी शेजाऱ्याचा माल भरून गेली. आमची कटिंग चार दिवसांनी झाली, तोवर भाव उतरला होता आणि उन्हाने काही घड झाडावरच पिकले. नाना मला एवढंच म्हणाले, "एवढ्या फुलायमधी मले तो मेसेज कसा दिसीन?"

माझं म्हणणं यातूनच आलंय. निरोपाच्या ॲपने निरोप पोचवावा. बाजार, नाटक, वर्तमानपत्र, सगळं एकाच खिडकीत भरलं की कामाचं माणूस मागे राहतं.

गंमत म्हणजे व्हॉट्सॲपही आधी असंच साधं होतं. २००९ मध्ये जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी ते उभं केलं तेव्हा त्यांचा हट्टच होता, जाहिराती नकोत, खेळ नकोत, चमकोगिरी नको. २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरचा सौदा केला. पुढे स्टेटस आलं, चॅनेल आली, एआयचा गोल आला, २०२५ मध्ये जाहिरातींचीही घोषणा झाली. ॲक्टन २०१७ मध्ये बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी सिग्नलच्या फाउंडेशनला ५ कोटी डॉलर दिले. (हे सगळं मी फेसबुकवरच लिहितोय, हे मला कळतंय.)

सिग्नल तरी अगदी सोवळं आहे असं नाही. २०२२ पासून तिथेही स्टोरीज आहेत, फक्त सेटिंगमध्ये जाऊन त्या बंद करता येतात. मी केल्या. खरी अडचण वेगळीच आहे. तीसेक जणांना लिंक पाठवली, आले चौघं. बायको, पुण्याचा भाऊ, ट्रॅक्टरवाला आणि एक मामा, जे आल्या आल्या विचारू लागले, "इथं ग्रुप कुठी आहे?" पण या चौघांचा मेसेज आला की मी हातातलं काम टाकून बघतो, कारण तो कामाचाच असतो.

नानांसाठी मात्र सिग्नलही जास्तच. सातपुड्याच्या पायथ्याला आमच्या शेतात रेंजची एकच काडी असते, नेट तर नाहीच. त्यांना बटणांचा फोन घेऊन दिला आणि व्यापाऱ्याला सांगितलं, साधा एसएमएस करा. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. लोक मराठी एबीसीडीत लिहायला लागले, त्याचं हेही एक कारण असेल. पण मी मोजून बघितलं, व्यापाऱ्याचा तो निरोप काना, मात्रा, स्पेस, टिंब सगळं धरून ४० भरतो. ३० शिल्लक राहतात!

या हंगामात एकही गाडी चुकली नाही. नाना उत्तर टाइप करत नाहीत, मिस कॉल देतात. एक मिस कॉल म्हणजे वाचलं. दोन म्हणजे मोटार बंद केली, घरी येतोय, चहा टाका.