ब्रॉन्को: तुमचं अर्धं बरोबर आहे

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी ज्याच्यावर लेख लिहिला ते ओव्ही-१० ब्रॉन्को, म्हणजे अमेरिकेचं टेहळणीचं छोटं लष्करी विमान, हे ताशी साडेचारशे किलोमीटरनं रखडणारं खेळणं, १९९१ च्या आखाती युद्धात पहिल्याच दिवशी पडलं, आणि मी लेखात प्रेमापोटी ते लपवलं, असं तुमचं म्हणणं.

लपवलं नाही हो, राहून गेलं. दिवस मात्र दुसरा: १८ जानेवारी. क्षेपणास्त्र लागलं आणि विमानातले दोघेही इराक्यांच्या हाती सापडले.

पण वेगाला हसू नका. व्हिएतनाममध्ये सुसाट येणाऱ्या फँटम जेटवाल्याला झाडीखालचा खंदक काय दिसणार? ब्रॉन्को तिथंच घिरट्या घालत राहायचं. पुढे वैमानिक, मागे निरीक्षक आणि भोवती फुगीर काच, वाकलं की थेट खालची जमीन. बॉम्ब टाकायला येणाऱ्या विमानांकडे कुठले बॉम्ब आहेत, इंधन किती उरलंय, हे त्या काचेवरच मेणाच्या पेन्सिलीनं खरडायचं. मग पांढऱ्या फॉस्फरसचं रॉकेट सोडायचं, धूर उठला की रेडिओवर सांगायचं: धुराच्या उत्तरेला पन्नास मीटर, तिथं टाका. याला वेग नाही, नजर लागते.

तुमचं १९९१ खरं तर उशिराचं. हिशेब बिघडला तो १९७२ मध्येच, खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं व्हिएतनाममध्ये पोचली तेव्हा. २९ जूनला क्वांग त्रीजवळ कॅप्टन स्टीव्हन बेनेटच्या ब्रॉन्कोला असंच एक लागलं. मागच्या निरीक्षकाची हवाई छत्री फाटलेली, म्हणून बेनेटनं स्वतः उडी न मारता विमान समुद्रात उतरवलं. ब्रॉन्को पाण्यावर उतरवलं की पुढची कॉकपिट चिरडते, हे वैमानिकांना ठाऊक होतं. निरीक्षक वाचला, बेनेट गेला. पुढे त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचा सर्वोच्च शौर्य सन्मान, मिळालं. तुम्ही दाखवलेल्या दोषापेक्षा हा दोष मोठा, आणि तोही माझ्या लेखात नव्हता.

राहता राहिला तुमचा ड्रोनचा मुद्दा, की हे काम आता ड्रोन करतात. बराचसा मान्य. तरी २०१५ मध्ये अमेरिकेनं दोन जुनी ब्रॉन्को झटकून इराकमध्ये आयसिसविरुद्ध उडवलीच, शंभरावर मोहिमा झाल्या. समोरच्याकडे विमानविरोधी क्षेपणास्त्रं फारशी नसतील तिथं हे स्वस्त विमान चालतं. असतील तिथं ते पाठवणं म्हणजे माणसं मारणं. लेखात मी हा फरकच केला नव्हता. आज रात्री तो परिच्छेद घालतो. ‘खेळणं’ हा शब्द मात्र तुमच्याकडेच ठेवा.