लस आणि कफन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: साथ आली की लस शास्त्रज्ञ शोधतात, समाजशास्त्राचे पदवीधर नव्हे. आवड असेल त्याने इतिहास-साहित्य घरी वाचावं, त्यासाठी विद्यापीठात विभाग कशाला? फार तर डॉक्टर-इंजिनिअरांना नीतिशास्त्राचा एक पेपर ठेवावा.

साथीचा विषय तुम्हीच काढलात, तर तिथूनच सुरू करतो. २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये इबोलाने ११,०००हून जास्त माणसं दगावली. विषाणू १९७६पासून ठाऊक होता, पण साथ पसरली तेव्हा मान्यता मिळालेली लस नव्हती. मृतदेहातून संसर्ग फार होतो आणि तिथे नातेवाईक मृताला स्वतःच्या हातांनी आंघोळ घालत. म्हणून संरक्षक पोशाखातली पथकं यायची, देह पिशवीत भरायची आणि पुरून टाकायची. वैद्यकीयदृष्ट्या चोख. पण लोक आजारी माणसं लपवू लागले, रात्री गुपचूप दफन करू लागले.

हे ‘अडाणीपणा’ म्हणून सोडून देता आलं असतं. मानवशास्त्रज्ञांनी, म्हणजे समाजांच्या चालीरीतींचा अभ्यास करणाऱ्यांनी, वेगळा प्रश्न विचारला: या विधीतलं काय सोडता येईल आणि काय सुटलं तर मृताचा अपमान झाला असं घरच्यांना वाटेल? नोव्हेंबर २०१४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची नियमावली काढली, ती धर्मगुरू आणि मानवशास्त्रज्ञांना सोबत घेऊन. मुस्लिम मृतासाठी पाण्याऐवजी कोरडं शुद्धीकरण, कफन, प्रार्थना, घरच्यांची उपस्थिती. लसीचं मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण लस टोचून घ्यायला दार उघडावं लागतं, आणि ते आतून उघडतं.

आता ‘घरी वाचा’. मी स्वतः बरंच घरीच वाचलं, त्यामुळे हा मुद्दा मला जवळचा आहे. पण घरी वाचताना आपल्याला कुणी अडवत नाही. हा दस्तऐवज कुणी लिहिला, कुणासाठी, त्यात कुणाचा आवाज नाही, हे विचारायची सवय लागते ती आपला निबंध कुणीतरी लाल शाईने रंगवून परत दिल्यावर. एखाद्या समाजाची भाषा शिकून, वर्ष-दोन वर्षं तिथे राहून निरीक्षण कसं नोंदवायचं, हेही नुसतं वाचून येत नाही. हातात बसवावं लागतं, शस्त्रक्रियेसारखंच.

कला शाखेत बऱ्याच ठिकाणी नोट्स पाठ करून पदव्या मिळतात, नोकरीची चिंता खरी आहे, हे मला पूर्ण मान्य. त्याचा मला रागही येतो. पण वाईट शिकवलं जातं म्हणून विषयच बंद करायचा, हा न्याय आपण गणिताला लावत नाही.

राहिला तुमचा नीतिशास्त्राचा पेपर. जरूर ठेवा. पण तो शिकवणारे तत्त्वज्ञानाच्या विभागात तयार होतात. तो विभाग तर तुम्ही तुमच्या प्रतिक्रियेच्या दुसऱ्याच परिच्छेदात बंद केलात. मग वर्गात उभं कोण राहणार?